लिम्फोमाच्या उपचारानंतर घरात ठेवायच्या वस्तू: थर्मामीटर आधी, ऑक्सिमीटर नंतर

महामारीच्या काळात सांगली-मिरजेतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये गेलं तर काउंटरवर ऑक्सिमीटरचे डबे मांडलेले दिसत, शेजारी सॅनिटायझर आणि काढ्याच्या बाटल्या. थर्मामीटर मागावा लागे, मग तो आतल्या कप्प्यातून येई. कोविडच्या दोन वर्षांत लोकांनी जे मागितलं ते पुढे आलं, यात दुकानदाराचं काही चुकलेलं नाही. पण लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) केमो घेऊन घरी आलेल्या माणसासाठी खरेदी करायची असेल, तर हा क्रम बदलायला हवा. दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर ही यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. त्यानंतर मास्क. ऑक्सिमीटर तिसरा. घरी करायची कोविड चाचणी चौथी, आणि तीसुद्धा रुग्णापेक्षा घरातल्या बाकीच्यांसाठी.

या क्रमाचं कारण उपचारातच आहे. बी-पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) नेहमीच्या लिम्फोमाला आर-चॉप हा औषधांचा संच देतात: रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. बहुतेक वेळा दर २१ दिवसांनी एक सायकल, म्हणजे औषधांची एक फेरी. या औषधांनी प्रतिकारशक्ती दोन वेगळ्या प्रकारे खाली येते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सायकलच्या साधारण ७ ते १४ व्या दिवसात तळाला जातात आणि पुढची सायकल येईपर्यंत बऱ्याच भरून येतात. रिटुक्सिमॅबमुळे बी-पेशी मात्र शेवटच्या डोसनंतरही सहा महिने ते वर्षभर जवळजवळ नसतात, त्यामुळे नव्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी फारशा तयार होत नाहीत. पहिल्या कमतरतेत जिवाणूंचा धोका जास्त, आणि तो तासांच्या हिशोबाने वाढतो. दुसरीत कोविडचा धोका मोठा, आणि तो दिवसांच्या हिशोबाने पुढे सरकतो. महामारीत सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या धोक्याकडे गेलं. पहिला जिथल्या तिथेच आहे, आणि तो घरात ओळखायचं मुख्य साधन म्हणजे ताप मोजणं.

थर्मामीटर घेताना दांडीसारखा, टोकाला धातूचं बोंड असलेला घ्या. कपाळावर धरायची इन्फ्रारेड गन या कामाला नको. ती कातडीचं तापमान मोजते, आणि एप्रिलच्या उन्हात मोटरसायकलवरून आलेल्या माणसाचं कपाळ ती सहज ताप म्हणून दाखवते. उलट घाम आलेला असेल किंवा पंख्याखाली बसलेला असेल तर खरा ताप तिच्यातून निसटतो. मंगल कार्यालयाच्या दारात ती चालेल, केमोच्या रुग्णाच्या उशाशी चालणार नाही. काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर अचूक असतो, पण तोंडात फुटला तर काच आणि पारा दोन्ही. केमोने तोंड आलेल्या माणसाला तो देऊ नये. दांडीचे डिजिटल थर्मामीटर बऱ्याच कंपन्यांचे आहेत. ओम्रॉनचा एमसी-२४६ सगळीकडे मिळतो आणि शेवटचं मोजमाप लक्षात ठेवतो. रात्री अडीच वाजता मोजलेला आकडा सकाळी आठवत नसेल तर ही सोय उपयोगी पडते. डब्यावर अचूकता लिहिलेली असते: ०.१ अंश सेल्सिअस किंवा ०.२ अंश फॅरेनहाइटच्या आतली हवी. डिस्प्ले फॅरेनहाइटमध्ये दिसतोय की सेल्सिअसमध्ये, हे दुकानातच बघून घ्या. घाबरलेल्या घरात '३८.२' वाचून 'ताप नाही' असा समज होऊ शकतो.

मोजायची पद्धत वस्तूइतकीच महत्त्वाची. तोंडात मोजत असाल तर चहा, गरम पेज किंवा थंड पाणी घेतल्यावर किमान १५ मिनिटं थांबा. बोंड जिभेखाली, मागच्या बाजूला, एका कडेला ठेवून ओठ बंद ठेवायचे. तोंडात फोड असतील तर काखेत मोजा. काख कोरडी पुसा, बोंड अगदी आतल्या खळीत बसवा, हात छातीशी घट्ट धरा. काखेत बीप वाजला की लगेच काढणं ही नेहमीची गफलत आहे. तापमान वाढायचा वेग मंदावला की बीप वाजतो आणि काखेत तो वेग लवकर मंदावतो, म्हणून बीपनंतरही तीन-चार मिनिटं तसंच राहू द्या. एवढं करूनही काखेतला आकडा तोंडापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी येतो. काखेत ९९.५ दिसलं तर तोंडात मोजून खात्री करा. गुदद्वारातून मोजणं या रुग्णांना पूर्ण वर्ज्य आहे. तिथली नाजूक त्वचा खरचटली तर जंतू थेट रक्तात जातात.

आता आकडे. तोंडातलं मोजमाप एकदाच १०१ अंश फॅरेनहाइटला किंवा वर गेलं, अथवा १००.४ वर तासभर टिकलं, तर न्यूट्रोफिल कमी असलेल्या माणसाच्या बाबतीत ती इमर्जन्सी आहे. सकाळची ओपीडी गाठायची वाट बघायची नाही. अशा तापात दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. जत किंवा आटपाडीकडून मिरजेला यायला दोन तास लागू शकतात, म्हणून निघायचा निर्णय घरात पाच मिनिटांत व्हायला हवा. गाडी कुणाची, सोबत कोण, हे केमोच्या सातव्या दिवसाआधीच ठरवून ठेवा. न्यूट्रोफिलचा हिशोब सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) कागदावरून घरीही करता येतो: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी. पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर आकडा ४००. पाचशेच्या खाली म्हणजे धोका गंभीर.

थर्मामीटरचं काम बिघडवणाऱ्या दोन गोष्टी घरातच असतात. एक, पॅरासिटामॉल. अंग कसकसलं की डोलो किंवा क्रोसिन देणं ही आपल्याकडची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पण गोळीने आकडा उतरतो, संसर्ग उतरत नाही. आधी मोजा, लिहून ठेवा, डॉक्टरांना फोन करा; गोळीचं ते सांगतील. पांढऱ्या पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिमचं इंजेक्शन केमोनंतर किमान २४ तासांनी देतात, त्याने हाडं ठणकतात आणि त्यासाठी लोक पॅरासिटामॉल घेतात. तेव्हासुद्धा प्रत्येक गोळीआधी ताप मोजायचाच. दुसरी गोष्ट प्रेडनिसोलोन. आर-चॉपमध्ये ते पाच दिवस रोज १०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि त्या दिवसांत ताप दबतो. त्या काळात आकडा ९९ असला, पण थंडी वाजून येतेय, माणूस गळून गेलाय, लघवी कमी झालीय किंवा बोलण्यात असंबद्धपणा आलाय, तर आकड्यावर विसंबू नका.

केमो संपली म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवू नये. रिटुक्सिमॅब घेतलेल्या काही जणांचे न्यूट्रोफिल शेवटच्या डोसनंतर कित्येक आठवड्यांनी, क्वचित महिन्यांनी, अचानक घसरतात. फॉलिक्युलर या सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमात दर दोन महिन्यांनी दोन वर्षं रिटुक्सिमॅब चालू असेल, तर ही वस्तू तेवढी वर्षं हाताशीच हवी. बटनसेल वर्षातून एकदा बदला. आकडे फिके दिसू लागले की लगेच बदला, कारण अर्धमेल्या बॅटरीवरचा आकडा भरवशाचा नसतो.

महामारीत आणखी एक अडचण उभी राहिली होती. ताप असलेला माणूस दवाखान्याच्या दारात दिसला की त्याला आधी कोविडच्या रांगेत पाठवत, आणि अहवाल येईपर्यंत बाकी सगळं थांबे. म्हणून कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) पोचल्यावर पहिलं वाक्य 'ताप आहे' हे नको. 'लिम्फोमाची केमो चालू आहे, सायकलचा अकरावा दिवस आहे, ताप १०१, न्यूट्रोफिल कमी असू शकतात' असं सांगा. कोविडची चाचणी होऊ दे, पण रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) आणि पहिलं अँटिबायोटिक त्यासाठी अडवून ठेवू नका, हे नम्रपणे पण ठाम सांगा. पुठ्ठ्याच्या एका कार्डावर निदान, औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख, अ‍ॅलर्जी आणि ऑन्कॉलॉजिस्टचा (कर्करोगतज्ज्ञाचा) नंबर लिहून ते थर्मामीटरच्या डबीतच ठेवा. हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमासाठी एबीव्हीडी हा औषधांचा संच घेतलेला असेल तर त्या कार्डावर 'ब्लिओमायसिन' ठळक लिहा. एबीव्हीडीतल्या या औषधाने फुप्फुसाला इजा होऊ शकते आणि गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्याने ती वाढू शकते. ऑक्सिजन लावणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळलेलं बरं.

मास्कच्या बाबतीत बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. कापडी मास्क आणि तीनपदरी निळा मास्क इतरांना तुमच्यापासून वाचवायला ठीक. रुग्णाला स्वतःला वाचायचं असेल तर एन९५ किंवा एफएफपी२ लागतो. एन९५ हे अमेरिकेच्या नायोश संस्थेचं मानक, किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवणारं. एफएफपी२ हा प्रकार आपल्या भारतीय मानकातही, म्हणजे आयएस ९४७३ मध्ये आहे, किमान ९४ टक्क्यांचा. मास्कवर आयएसआयची खूण आणि 'आयएस ९४७३' छापलेलं हवं. नायोशचा असेल तर टीसी-८४ए ने सुरू होणारा क्रमांक हवा. नायोशच्या खऱ्या एन९५ ला कानात अडकवायचे दोरे नसतात, डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात. कानात अडकवायच्या मास्कवर नुसतं 'एन९५' छापलं असेल तर तो नकली समजायला हरकत नाही. केएन९५ हे चिनी मानक. कागदावर बरं, पण कानातल्या दोऱ्यांमुळे गालापाशी सैल पडतं. झडप असलेला मास्क घेऊ नका: केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२० मध्येच राज्यांना त्याविरुद्ध कळवलं होतं, कारण उच्छ्वास न गाळता बाहेर जातो. रुग्णाची सोबत करणाऱ्याने झडपेचा मास्क घालणं तर अगदीच उलटं काम.

दोन पट्ट्यांच्या, वाटीच्या आकाराच्या मास्कमध्ये ३एमचा ८२१० हा जुना, भरवशाचा प्रकार आहे. झडप नाही, नाकावर वाकवायची धातूची पट्टी आहे आणि तिच्या आत फोम आहे. केमोच्या रुग्णाला त्यात एक अडचण येते: केस गेलेल्या डोक्यावर पट्टे घसरतात आणि कातडीला काचतात. आधी पातळ सुती टोपी घाला, मग वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर आणि खालचा मानेवर, कानांच्या खाली घ्या. दोन्ही पट्टे मानेवर एकत्र घेतले की मास्क वरच्या बाजूने उघडा पडतो. नाकाची पट्टी चिमटीत दाबू नका, दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. मग तळवे मास्कवर हलके ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर बसवणं चुकलं आहे. ही तपासणी प्रत्येक वेळी करायची, कारण चेहरा बदलत असतो. प्रेडनिसोलोनने गाल भरतात, दोन महिन्यांनी वजन उतरलं की तेच गाल बसतात. पहिल्या सायकलला नीट बसलेला मास्क सहाव्याला बसेलच असं नाही. सोबत करणाऱ्याने दाढी काढावी, खुंटांवर कुठलाही मास्क बसत नाही.

हे मास्क धुऊ नका, इस्त्री करू नका, सॅनिटायझर फवारू नका. त्यांच्या आतल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण पकडायचं बरंचसं काम तो करतो. अल्कोहोल लागलं किंवा साबणाने धुतलं की तो भार जातो. मास्क दिसायला नवाकोरा राहतो, पण निकामी होतो. त्याऐवजी पाच मास्क आणि एक ते पाच आकडे घातलेल्या पाच कागदी पिशव्या ठेवा. वापरलेला मास्क पिशवीत ठेवून पाच दिवसांनी पुन्हा घ्यायचा. पट्टा सैल झाला, घामाने ओला झाला किंवा पाचेक वेळा वापरून झाला की टाकून द्यायचा. प्लास्टिकच्या पिशवीत तो दमट राहतो, म्हणून कागदीच. रस्त्यावरच्या टोपलीतला सुटा मास्क स्वस्त मिळतो, पण त्याचा डबा, बॅच आणि तारीख काहीच कळत नाही. या रुग्णासाठी बंद पाकिटातलाच घ्या.

ऑक्सिमीटर तिसऱ्या क्रमांकावर का, तर त्याचा आकडा उशिरा बिघडतो. ताप आधी येतो, ऑक्सिजन नंतर उतरतो. शिवाय केमोच्या रुग्णात तो फसवू शकतो. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडने नखं काळी पडतात, आणि प्रकाश नखातून आरपार जात असल्याने आकडा चुकू शकतो. त्यातल्या त्यात स्वच्छ नखाचं बोट निवडा, नाहीतर यंत्र बोटावर आडवं, कडेने लावा. मेंदी आणि नेलपॉलिश नको. थंड बोटंही अडथळा करतात, म्हणून हात चोळून गरम करा, हृदयाच्या उंचीवर स्थिर धरा आणि नाडीची रेघ सलग धावू लागेपर्यंत मिनिटभर थांबा. पहिला आकडा लिहू नका. चांगल्या यंत्राची चूकही दोन-तीन अंकांची असू शकते. गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला आहे. आणि हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या माणसाचा आकडा ९८ असू शकतो. यंत्र रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के भरलंय ते सांगतं, हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. जिना चढताना धाप लागत असेल तर ९८ बघून निश्चिंत होऊ नका, सीबीसी करा.

तरी घ्यावाच, कारण एका ठिकाणी त्याला पर्याय नाही. कोविड असो की न्यूमोसिस्टिस (प्रतिकारशक्ती खालावल्यावर होणारा बुरशीचा न्यूमोनिया), फुप्फुसाचा आजार बसल्या जागी लपतो आणि चालल्यावर दिसतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालायची चाचणी सांगितली होती: चालून आल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला तर दवाखाना गाठायचा. अशक्त रुग्णाला सहा मिनिटं जमत नाहीत, त्याला सोबतीने तीन मिनिटं सपाट जमिनीवर चालवा. रोज एकाच वेळी, एकाच बोटावर मोजलेला स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत असला तरच घसरण कळते. खरेदीच्या वेळी पेन्सिल घालून यंत्र खरं-खोटं ठरवायचे व्हिडिओ फिरतात, त्यावर जाऊ नका. ओपीडीला जाताना यंत्र सोबत न्या आणि तिथल्या यंत्राशेजारी दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाला लावून बघा. दोनपेक्षा जास्त फरक वारंवार आला तर बदलून घ्या, त्यासाठी पक्कं बिल हवंच. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ऑक्सिमीटर आणि डिजिटल थर्मामीटरसह पाच उपकरणांवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर मर्यादित केला होता. 

घरी करायच्या चाचण्यांमध्ये पुण्याच्या मायलॅबची कोव्हिसेल्फ मे २०२१ मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मान्य केलेली पहिली. तेव्हा किंमत २५० रुपये होती, निकाल १५ मिनिटांत. काडी नाकात दोन ते चार सेंटिमीटर आत घालून दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा फिरवायची, एवढंच काम. रुग्णाचे प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली असतील तर ती घरी घालू नका, नाकातून रक्त येऊन थांबायला त्रास होतो. पॉझिटिव्ह आली तर ती खरी मानायची. निगेटिव्ह आली आणि लक्षणं असतील तर आरटीपीसीआर लागतेच. म्हणूनच आमच्या मते ही चाचणी रुग्णावर खर्चू नये. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा, लग्नाहून परतलेले शेजारी, रोज बँकेत जाणारा मुलगा यांच्यासाठी ती ठेवावी. पाकिटावर २ ते ३० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत पारा त्याच्या बराच वर जातो. थंड कोनाड्यात ठेवा. रिटुक्सिमॅब घेतलेल्या माणसाला कोविड झाला तर विषाणू कित्येक आठवडे टिकू शकतो. ठरावीक दिवसांचं विलगीकरण त्याला लावू नका, मुदत डॉक्टर ठरवतील. अँटिबॉडी मोजायच्या चाचणीवर पैसे घालवू नका. बी-पेशी नसताना ती बहुधा शून्याजवळच येते, आणि इम्युनोग्लोब्युलिनची (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींची) बाटली लावलेली असेल तर दुसऱ्याच्या अँटिबॉडी मोजल्या जातात.

लसीला मात्र यातली कुठलीच वस्तू पर्याय नाही. १ मार्च २०२१ पासून ४५ वर्षांवरच्या सहव्याधीग्रस्तांना लस सुरू झाली, तेव्हाच्या यादीत लिम्फोमा होता. रिटुक्सिमॅबच्या सहा महिन्यांच्या आत लसीचा परिणाम तोकडा पडतो, तरी टी-पेशींकडून (दुसऱ्या प्रकारच्या संरक्षक पेशींकडून) काही संरक्षण मिळतं, म्हणून वेळ ऑन्कॉलॉजिस्टना विचारून ठरवा. घरातल्या बाकी सगळ्यांचे डोस पूर्ण असणं हे रुग्णाचं सगळ्यात पक्कं कुंपण.

बाकीचं थोडक्यात. हात धुवायला साबण आणि २० सेकंद. सॅनिटायझर ७० टक्के अल्कोहोलचा, प्रवासापुरता. अतिनील प्रकाशाच्या पेट्या नकोत. हवा शुद्ध करायचं यंत्र परवडत असेल तर हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीचं घ्या, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून पाहुण्यांना ओट्यावर बसवणं त्याहून सरस. काढ्याची, गुळवेलीची किंवा हळदीच्या अर्काची बाटली मात्र या घरात आणू नका. हळदीचं जेवण आपल्या सांगलीत वर्ज्य कसं असेल, स्वयंपाकातली हळद चालते. पण गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२१ मध्ये मुंबईतून आल्या, आणि केमोची औषधं त्याच यकृतातून जातात. रिटुक्सिमॅबने काढलेल्या बी-पेशी कुठल्याही सिरपने परत येत नाहीत.

कृष्णाकाठच्या घरांसाठी एक जास्तीची सूचना. जुलै २०२१ चा पूर कोविड चालू असतानाच आला आणि माणसं एका शाळेत, एका छताखाली दाटीने राहिली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की लिम्फोमाच्या रुग्णाला आधी हलवा, ४५ फुटांची धोका पातळी गाठायची वाट बघू नका. निवारा केंद्रापेक्षा विट्याकडचं, तासगावकडचं नातेवाईकाचं घर बरं. रुग्णाच्या पिशवीत थर्मामीटर आणि कार्ड, बटनसेल, दहा बंद मास्क, आठवड्याच्या गोळ्या, शेवटचा सीबीसी प्लास्टिकच्या पाकिटात, आणि उकळून गार केलेलं किमान चार लिटर पाणी. पुराचं पाणी किंवा चिखल अंगावरच्या जखमेला, पोर्टच्या किंवा पिक लाइनच्या (केमोसाठी शिरेत बसवलेल्या नळीच्या) ड्रेसिंगला लागलं तर ताप येण्याची वाट न बघता त्याच दिवशी ड्रेसिंग बदलून घ्यावं.